हात लावू नकोस म्हणे!

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी होईना तर तुम्ही काय करता? झाकण काढून रबर बघता, शिट्टीच्या भोकात फुंकर मारता, पाणी घातलं होतं की नाही ते आठवता. शेगडी पिवळी जळू लागली तर बर्नर काढून सुईने भोकं मोकळी करता. वाटण वाटताना मिक्सर मध्येच थांबला तर तो उपडा करून खालचं लाल बटण दाबता. हे सगळं आपण कुठल्या शाळेत शिकलो? घर चालवायचं म्हणजे हे आलंच.

मग त्याच घरातला कॉम्प्युटर जरा रुसला, की आपण पदराला हात पुसत दोन पावलं मागे का सरतो? कारण "तू हात लावू नकोस हं, बिघडेल!" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं! आधी नवरे म्हणायचे, मग मुलं म्हणू लागली, आणि आता नातवंडंसुद्धा म्हणतात. वीजबिल आपण भरायचं, शाळेच्या फीच्या पावत्या आपण काढायच्या, भिशीचा हिशेब आपण ठेवायचा आणि बिघाड झाला की मात्र आपणच लांब उभं राहायचं, अशी ही गंमत आहे.

मी काही इंजिनिअर नव्हे. सांगलीत राहते, एमएस-सीआयटीचा वर्ग तेवढा केलेला. पण २०१२ सालापासून घरातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे आणि एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट चांगली कळून चुकली आहे. यंत्र बंद पडलं म्हणजे आतलं सगळं गेलं असं नव्हे. बहुतेक वेळा आत जायची वाट तेवढी अडलेली असते. आतलं खरोखर जातं, ते कुणीतरी घाई करतं म्हणून.

ह्या बिघाडांना इंग्रजीत 'बग' म्हणतात, म्हणजे किडा, हे तुमच्या कानावर आलंच असेल. हा शब्द जुना आहे, पण १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' नावाच्या भल्यामोठ्या संगणकात खरोखरीचाच एक पतंग अडकलेला सापडला! तिथल्या लोकांनी तो काढून, चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून, शेजारी तशी नोंद केली. ती वही आजही तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. ही हकीकत जगभर रंगवून सांगितली ती ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी. बाई गणितज्ञ आणि नौदलातल्या अधिकारी. पतंग त्यांनी स्वतः पकडला असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते खरं नाही. पण मला त्या वहीचं फार कौतुक वाटतं. ती माणसं यंत्रावर चिडली नाहीत, की ते उचलून अडगळीत टाकलं नाही. आत डोकावून पाहिलं, सापडलं ते बाहेर काढलं, आणि तारखेसकट लिहून ठेवलं. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला ह्यात अवघड ते काय?

आता आपल्या घरातले किडे बघू.

माझ्या जाऊबाई कराडला असतात. त्यांचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो, "अगं, पासवर्ड घेत नाहीये, कुणीतरी बदललाय वाटतं." मी विचारते, "वहिनी, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी काय लिहिलंय? मराठी की इंग्रजी?" तिथे मराठी असतं! भजनी मंडळाचं पत्रक टाइप करताना कळफलक मराठीवर नेलेला, तो तसाच राहिलेला. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आत मराठी चाललंय हे कळायला मार्ग नाही. विंडोजच्या चित्राची कळ आणि लांब स्पेसची पट्टी एकदम दाबली की भाषा बदलते. तरीही जमेना तर कॅप्स लॉकचा दिवा बघा. आणि पासवर्डाच्या चौकोनात डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबा, काय लिहिलं जातंय ते उघडं दिसतं (मागे कोण उभं आहे ते आधी पाहून हं!). बँकेच्या पानावर तर दोनदा चुकलं की थांबावंच. आणखी नेट लावून टाइप करत बसलं की खातं कुलूपबंद होतं आणि मग शाखेत खेटे घालावे लागतात.

दुसरी तक्रार घड्याळाची. ही मला फार आवडते, कारण ऐकणाऱ्याला ती खरीच वाटत नाही. एके दिवशी बँकेचं पान उघडेना. पडद्यावर इशारा, की ही जोडणी सुरक्षित नाही. टपालखात्याचं पान तसंच, रेल्वेचंही तसंच. आमचे हे म्हणाले, "व्हायरस!" व्हायरस हा पुरुषांचा आवडता शब्द. पोट दुखलं की 'वारा धरला' म्हणावं, तसा. मी कोपऱ्यातली तारीख बघितली, तर तिथे कितीतरी वर्षांपूर्वीचा जानेवारी! आता ह्याचा बँकेशी काय संबंध? तर अशा प्रत्येक पानाला एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आपला कॉम्प्युटर स्वतःला मागच्या काळात समजत बसला, की आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. मी तारीख दुरुस्त केली, पान उघडलं. रात्री मुख्य बटण बंद केलं, सकाळी पुन्हा तोच जानेवारी. मग कळलं, आतला सेल संपला.

मोठ्या डब्याच्या कॉम्प्युटरात, वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला, रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातही पुष्कळदा हाच सेल असतो. प्लग काढायचा, बाजूचा पत्रा उघडायचा, डब्याच्या लोखंडाला एकदा हात लावून अंगातली वीज उतरवायची, जुना सेल कुठली बाजू वर आहे ते बघून काढायचा, नवा तसाच बसवायचा. लॅपटॉप मात्र घरी उघडू नये, त्याची आतली रचना नाजूक असते. आणि एक महत्त्वाचं. तारीख बरोबर असूनही बँकेच्या पानावर तोच इशारा आला, तर 'तरीही पुढे जा' म्हणू नका. पान बंद करा. तो इशारा मग खराच समजायचा.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला पाहता पाहता जमतील. लाईट गेल्याबरोबर कॉम्प्युटर धाडकन बंद होऊ लागला तर यूपीएसमधली बॅटरी म्हातारी झाली, असं समजावं. ती दोन-तीन वर्षांच्या वर फारशी साथ देत नाही. डबा तापून घों घों करू लागला तर पंख्यात धूळ आहे. दिवाळीच्या झाडलोटीत, प्लग काढून, पंखा बोटाने धरून, मऊ कोरड्या ब्रशने ती झाडावी. इंटरनेटचा डबा शोकेसमध्ये स्टीलच्या भांड्यांमागे शोभेला ठेवला असेल तर आतल्या खोलीत रेंज कशी पोचणार? लहरी धातूला अडतात. तो बाहेर मोकळ्यावर ठेवा. प्रिंटर छापत नसेल तर आधी अडकून बसलेलं जुनं काम रद्द करा, मग दोन्ही यंत्रं बंद करून चालू करा. बंद करून चालू करणं हे काही अडाण्याचं औषध नव्हे बरं का! कितीतरी अर्धवट राहिलेली कामं आत गुंता करून बसतात, ती त्याने सुटतात. फक्त एका वेळी एकच उपाय करावा. आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम टाकून मग चव बघणारी बाई काय बिघडलं होतं ते सांगू शकेल का?

घाईचं म्हणाल तर २०१९ च्या ऑगस्टातलं सांगते. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही धान्याच्या आधी कॉम्प्युटरचा डबा माडीवर नेला. सासूबाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं. पलीकडच्या घरातला डबा मात्र भिजला. पाणी ओसरल्यावर त्यांच्या मुलाने 'चालतोय का बघू' म्हणून लगेच बटण दाबलं. आत ओल होती. जे वाचलं असतं तेही जळलं. भिजलेलं यंत्र चालू करूनच बघायचं नसतं. त्याची हार्ड डिस्क काढून जाणत्या माणसाकडे न्यायची असते. त्या डब्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते.

पण हे झालं आपल्या माणसांच्या घाईचं. परक्याची घाई त्याहून वाईट.

आमच्या शेजारच्या काकूंना पेन्शन आहे, आणि ती कॉम्प्युटरवर बघायची त्यांना हौस आहे. एका दुपारी त्यांची सून धावत आली, "काकू, लवकर चला, आईंचा कॉम्प्युटर ओरडतोय!" जाऊन बघते तर पडदा लालभडक, भोंगा वाजतोय, एक बाई इंग्रजीत बजावतेय की यंत्र बंद करू नका, तुमचं खातं धोक्यात आहे, ह्या नंबरावर फोन करा. काकूंनी फोन केलेला होता! पलीकडचा गृहस्थ 'माताजी, माताजी' करत त्यांच्याकडून एक ॲप उतरवून घेत होता. पडद्यावरचा बाण काकूंचा हात नसताना आपोआप फिरत होता, आणि तो म्हणत होता, "आता बँकेचं पान उघडा, पैसे सुरक्षित आहेत का बघू."

मी काही बोलले नाही. इंटरनेटच्या डब्याचा प्लग खेचला. बाण जागच्या जागी थांबला. मग फोन ठेवायला लावला. काकू माझ्यावरच रागावल्या. "तो किती नम्रपणे बोलत होता, तू आपली धसमुसळी," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. तो लाल पडदा म्हणजे रोग नव्हे, एक साधं वेबपान असतं, पडदाभर पसरलेलं. एस्केपची कळ दाबून धरली की ते बहुधा आक्रसतं आणि वरची फुली दिसते. नाही तर आल्ट आणि एफ-४ एकदम दाबा. तेही न जमलं तर चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पुन्हा सुरू केल्यावर 'आधीची पानं उघडू का?' असं विचारलं तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीने स्वतः सांगितलेलं आहे. आणि कुणी आत शिरलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा, त्याने उतरवलेलं ॲप काढून टाका, बँकेला कळवा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर तो वाटेत अडवता येतो. इथे मात्र घाई आपण करायची. काकूंचे पैसे गेले नाहीत. तीन दिवसांनी त्यांनी वाटीभर शिरा पाठवला, पण तोंडाने काही कबूल केलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

आमचे मामंजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, घरात कॉम्प्युटर आला तेव्हा, एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले. रोज दुपारी चहा होईपर्यंत अर्धं पान. घराण्याची हकीकत, त्यांच्या शाळा, माणसं, दुष्काळ, पूर. ६३ पानं झाली होती. २०१८ साली ते गेले. ती फाइल तशीच होती. आम्ही श्राद्धाच्या दिवशी उघडून दोन पानं वाचायचो.

त्या डब्यावर आम्ही २०१६ साली विंडोज १० चढवलं होतं. त्याची सुरक्षेची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि आमचा डबा इतका जुना की विंडोज ११ त्यावर चालेना. म्हणून नोव्हेंबरात नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार जुना डबा बदल्यात घेणार, थोडे पैसे वळते करणार, असं ठरलं. त्याच्या पोराने सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवरून नव्यात आणल्या. मी मामंजींची फाइल उघडली, आणि पोटात गोळाच आला! एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं ह्यांची खिचडी. ६३ पानं तशीच.

पोरगा म्हणाला, "फाइल करप्ट झालीय काकू. जुनी होती ना. आता जुना डबा द्या, फॉरमॅट मारून टाकतो."

हे म्हणाले, "जाऊ दे. नाहीतरी वर्षातून एकदाच उघडत होतो." म्हणाले खरे, पण तोंड फिरवून.

मी म्हटलं, "डबा आज जाणार नाही. उद्या सकाळी या."

"अगं, त्याचे पैसे..."

"उद्या."

रात्री सगळे झोपल्यावर मी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. आधी जुन्यावर फाइल उघडली. तिथे स्वच्छ मराठी! म्हणजे फाइल शाबूत आहे. मग तीच फाइल नव्यावर का दिसेना? ओळीवर क्लिक करून वर फाँटच्या नावाचा चौकोन बघितला. दोन्हीकडे एकच नाव, 'शिवाजी'. लॅपटॉपवर नाव होतं, पण तो फाँट मात्र बसवलेलाच नव्हता.

त्यातली मेख अशी. पूर्वीच्या मराठी फाँटांत मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलंच जात नसे. आत साठायचं इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, आणि फाँट त्याला देवनागरीचा अंगरखा घालून आपल्याला दाखवायचा. फाँट नसला की अंगरखा नाही, मग आतलं उघडंबोडकं इंग्रजी दिसतं. आता आपण जे युनिकोड वापरतो त्यात तसं नाही. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा २३२५. तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'क'चाच. म्हणून तर तुमचा मोबाइलवरचा मराठी निरोप अमेरिकेतल्या भाचीला जसाच्या तसा दिसतो. तुमच्याकडे २०१० च्या आधीच्या मराठी फाइली असतील, लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, आईच्या पाककृती, आणि त्या अशा खिचडीसारख्या दिसत असतील, तर फेकू नका. बहुधा फाँटच हरवलेला असतो.

जुन्या डब्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाँटांचा कप्पा होता. त्यातला 'शिवाजी' पेन ड्राइव्हवर घेतला, लॅपटॉपवर नेला, उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल' म्हटलं. फाइल बंद करून पुन्हा उघडली. पहिल्याच ओळीत 'श्री' दिसलं. दीड वाजला होता. मी ह्यांना उठवलं. ते चष्मा न लावताच बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

सकाळी तो पोरगा आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि दाखवलं. बिचारा खट्याळ नव्हता, त्याला फक्त माहीत नव्हतं. त्याच्या जन्माच्या वेळचे हे फाँट! पण दुरुस्तीला यंत्र देताना तुम्ही मात्र विचाराच. "फॉरमॅटने माझ्या फाइली जातील का? आधी त्या कुठे काढून ठेवणार? काढलेल्या मला उघडून दाखवा." चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा हवं तर. शिंप्याला आपण ब्लाउजची मापं तोंडी सांगतो का?

डबा मी दिला नाहीच. पैसे थोडे कमी वळते झाले. ती हकीकत आता तीन ठिकाणी आहे. लॅपटॉपवर, कपाटातल्या पेन ड्राइव्हवर, आणि पुण्याला नणंदेकडे. तिला मी पीडीएफ करून पाठवली, कारण त्यात फाँट सोबत बांधून जातो. पेन ड्राइव्ह मी उन्हाळ्यात कडधान्याला ऊन दाखवते तेव्हा काढून, लावून, उघडून बघते. नुसतं ठेवलंय म्हणून ते राहिलंय, असं समजू नये.

आणि आता मूळ फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम चाललंय. अशी अक्षरं बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण ती रफाराशी हमखास अडखळतात. 'धर्म'चं 'धमर्' होतं, 'वर्ग'चं 'वगर्'. म्हणून ओळ न् ओळ तपासावी लागते. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मी वाचते आणि सासूबाई डोळे मिटून ऐकतात. १९७२ च्या दुष्काळावरचं पान आलं. मामंजी रस्त्याच्या कामावर हजेरी लिहायला गेले होते आणि मुलांना सुकडी वाटली जात होती, ती हकीकत. मी वाचत होते, सासूबाईंनी मध्येच थांबवलं.

"त्यांनी गावाचं नाव चुकीचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मी भाकरी घेऊन जात होते तिथे. नीट लिही."

मी नीट लिहिलं. ४१ वं पान चालू आहे.